दोन नळ, तीन वाक्यं

ऑफिसात माझं एक वाक्य फेमस आहे. मस्कतला रुवीतल्या आमच्या कंपनीत काहीही अडलं, प्रिंटर असो की कस्टम्सचा कागद, मी म्हणतो, "डोन्ट वरी, आय विल सॉर्ट इट आउट." अर्बाब, म्हणजे आमचा मालक, खूश होतो. पुढे ते काम कोण करतं, हा तपशील झाला.

त्यामुळे गुरुवारी माझ्या सातवीतल्या इराने वही पुढे केली तेव्हा मी कॉलर ताठ केली. 'सॉर्ट आउट'ची तीन वाक्यं हवी होती. करणार आहे, करतोय आणि केलं.

"सॉर्ट आउट म्हणजे प्रश्न मार्गी लावणे. लिही."

"बाबा, रिअल लाइफमधलं पाहिजे. टीचर खोटं पकडते. संडेला द्यायचंय."

तेवढ्यात बाथरूममधून "आई गं!" ऐकू आलं. दुपारीच पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी, प्रभावतीबाईंनी, पाय धुवायला निळा नळ उघडला होता. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीत चहा होतो, हे त्यांना कोण सांगणार?

"आई, उन्हाळ्यात इथे उलटं असतं," मी समजावलं. "गिझर बंद ठेवायचा. तो घरात असतो, त्याच्या टाकीत पाणी गार होतं. म्हणून लाल नळ गार, निळा गरम."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्याबद्दलच्या लग्नाआधीच्या सगळ्या शंका खऱ्या ठरल्या. मला ते झोंबलं. दहा दिवसांच्या मुक्कामात एकदा तरी यांच्या तोंडून 'जावई हुशार आहे' ऐकायचंच, असं मी ठरवलं.

"आय विल सॉर्ट इट आउट," मी म्हटलं. इराने पहिलं वाक्य लिहून टाकलं.

शुक्रवारी सकाळी मी लाल नळाखाली उभा राहिलो आणि ओरडत बाहेर आलो. गिझर चालू होता.

"मीच लावला, मधुराव," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, तुम्ही विसरलात."

मी तडक तय्यबला बोलावलं. तय्यब रत्नागिरीचा, आमच्या बिल्डिंगचा प्लंबर. त्याला सांगितलं, पाइपच उलटे जोड. म्हणजे निळा गार, लाल गरम, जगात असतं तसं.

"साहेब, सगळ्या घराचे उलटे होतील," तो म्हणाला.

"होऊ दे. यल्ला, लाग कामाला."

"बाबा, 'इज सॉर्टिंग आउट' लिहू?" इराने विचारलं. लिही म्हटलं.

काम झालं, गिझरही बंद केला. बायकोने, नूतनने, नऊ वर्षांच्या सवयीने स्वयंपाकघरातला लाल नळ उघडला. पालक धुता धुताच शिजला. ती जे बोलली ते इराला समजलं नाही, हे इंग्लिश मीडियमचे उपकार. मग मी हात धुवायला गेलो आणि सवयीने मीही लालच उघडला. पाइप बदलले, पण हात जुनेच होते.

शनिवारी इराचं तिसरं वाक्य अजून कोरं होतं. मी हाताला मलम चोळत सासूबाईंकडे गेलो.

"आई, आता निळ्याला गार येतं ना?"

"कोण जाणे. त्या दिवसानंतर मी नळाखाली हातच धरला नाही."

"मग आंघोळ?"

"आल्या दिवसापासून संध्याकाळीच बादली भरून एसीच्या खोलीत ठेवते. सकाळी छान गार असते."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही इतक्या उत्साहात होतात. म्हटलं, मोडू नये."

इराने मान खाली घालून लिहिलं, 'माय ग्रँडमदर हॅज सॉर्टेड इट आउट.' खरं होतं, त्यामुळे खोडायला सांगता येईना.

वाक्याखाली पालकांची सही लागते. भाजलेल्या हाताने जमली तशी केली.