अर्धलीनं दिलेलं जित्राब

आमच्या शेजारची हौसाक्का माणसांची पारख त्यांच्या गुरांच्या शेणावरून करते. विषय चारचौघांत काढण्यासारखा नाही हे मला कळतं, पण अक्काविषयी लिहायचं तर सुरुवात दुसरीकडून करताच येत नाही.

मागे तिच्या पुतणीसाठी कोरेगावकडचं स्थळ आलं होतं. शिकलेलं माणूस बरोबर असावं म्हणून मलाही नेलं. आत पोहे, चहा, मुलाची नोकरी, बागायत किती, अशी बोलणी चाललेली आणि अक्का गायब. शोधत गेले तर गोठ्यात. कमरेवर हात ठेवून, वाकून, अगदी तन्मयतेने खाली बघत होती. बैठकीत आली ती निकाल घेऊनच.

"द्या पोरगी. वैरण चांगली हाय, पानी येळेवर हाय. मुक्या जित्राबाला जी उपाशी ठिवत न्हाईत, ती सुनंला काय ठिवत्यात?"

लग्न झालं. मुलगी सुखात आहे. मुलगा नक्की काय काम करतो हे मात्र आमच्यापैकी कोणालाही अजून नीट सांगता येत नाही.

मुलांनो, तुमच्यापैकी अक्काला फक्त इराने पाहिलंय. बाकीच्यांनी तिच्याबद्दल फोनवर ऐकलंय, आणि आजी तिखटमीठ लावून सांगते असा तुमचा समज आहे. म्हणून एकदा नीट, क्रमाने लिहिते. इराला फोनच्या पलीकडून जे दिसलं नाही, तेही यात येईल.

अक्का मूळची वडूजच्या पुढची, माळावरची. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. पावसाळा संपला की कळप घेऊन बागायती मुलखात उतरायचं, पाऊस आला की परत माळावर जायचं. तिचा मुलगा सदाशिव शिकला, साताऱ्यात नोकरीला लागला आणि रहिमतपुरात आमच्या भिंतीला भिंत लावून त्याने घर बांधलं. अक्काचे गुडघे गेले, मेंढरं विकली गेली आणि ती इथे आली. सदाशिव आणि सून मनीषा सकाळच्या एसटीने साताऱ्याला जातात, दिवेलागणीला येतात. जाताना सदाशिव रोज सांगतो, "आई, आता तू निवांत बस."

अक्काला या वाक्याचा मनस्वी राग. "निवांत बस म्हंजी काय वं बाई? देवळातला नंदी हाय का मी?"

मी तिला आधी "अहो अक्का" म्हणायचे. ती मागे वळून बघायची, आणखी कोण आलंय म्हणून. शेवटी मी अगं-तुगंवर आले. ती मात्र मला "आवं बाई"च म्हणते, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवायचे.

तर, मे महिन्यात इरा सुट्टीला आली तेव्हा तिच्याजवळ एक खेळणं होतं. कोंबडीच्या अंड्याएवढं, निळ्या प्लास्टिकचं. मधे काडेपेटीहून लहान पडदा, खाली तीन बटणं. पडद्यावर दोन कानांचा एक गोल प्राणी उड्या मारतो. त्याला भूक लागते, कंटाळा येतो, झोप येते आणि प्रत्येक वेळी तो पीं पीं करतो. मग बटणं दाबून त्याला भरवायचं, खेळवायचं, दिवा मालवून झोपवायचं. लक्ष दिलं नाही तर तो मरतो. मुलांच्या खेळण्यात मरणाची सोय कशाला, असं मी इराला विचारलं.

"आजी, नाहीतर कोणी काळजी घेणार नाही ना," ती म्हणाली.

इराच्या शाळेत हे न्यायला बंदी. घरी आईबाबा कामात. परत जायचा दिवस जवळ आला तशी ती रडवेली झाली. कुकीला सांभाळणार कोण? कुकी हे त्या प्राण्याचं नाव. मी म्हटलं, दे, ड्रॉवरमध्ये ठेवते. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी खाटीक.

अक्का आमच्या ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. "काय खातं गं त्ये?" तिने विचारलं.

"भात."

"आनि लेंडी?"

इराने पडदा दाखवला. कोपऱ्यात एक छोटा ढीग होता, वर वाफेच्या दोन रेघा. अक्काने ते अंडं हातात घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं आणि बराच वेळ निरखलं.

"जित्राब निरोगी हाय. मी संबाळते. पर असं नुसतं न्हाई. अर्धलीनं."

ही आमच्याकडची जुनी रीत आहे. आपली शेळी-मेंढी दुसऱ्याला सांभाळायला द्यायची आणि होणाऱ्या पिल्लांत निम्मा वाटा करायचा. जनावर मालकाचंच राहतं. पहिलं पिल्लू मालकाचं, दुसरं सांभाळणाऱ्याचं. मी इराला हे समजावून सांगितलं. तिने विचार केला आणि मान हलवली.

"आनि मेलं तर?" अक्कानेच पुढचा प्रश्न काढला. "मेलं तर कान कापून मालकाला दावायचा. म्हंजी त्येला पटतं, इकलं न्हाई, मेलंच."

इरा किंचाळली.

"आगं, रीत सांगती पोरी! भिऊ नगं. माज्या हातनं दुसऱ्याचं जित्राब कवा मेलं न्हाई. आपली मेली, लय मेली. दुसऱ्याचं न्हाई." आणि इराच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवून तिने व्यवहार पक्का केला.

काळ्या लोकरीच्या दोऱ्यात ओवून अक्काने ते अंडं गळ्यात अडकवलं. त्या दिवसापासून आमच्या आळीत कुठे पीं पीं ऐकू आलं की अक्का जवळपास आहे असं समजावं. भजनात पीं पीं. दवाखान्यात पीं पीं. वाणी म्हणाला, "आक्का, फोन वाजतोय तुमचा." तर म्हणे, "फोन न्हवं, भूक लागलीया त्येला. सर बाजूला, उजेडात बघू दे."

तिला अक्षर येत नाही, पण पडद्यावरची चित्रं तिने पहिल्याच दिवशी ओळखून ठेवली. भाताचा वाडगा ती दाबायची, केकचं चित्र कधीच नाही. "रोज ग्वाड? पोट फुगंल." त्यात एक खेळ आहे. प्राणी डावीकडे वळेल की उजवीकडे, ते आपण आधी ओळखायचं. अक्का ओळखत नसे, हुकूम सोडत असे. "हिकडं वळ. आरं, हिकडं! कुणाचं ऐकतं का बघा. इराच्या वळणावर गेलंय."

बेंदराला गावातल्या बैलांची शिंगं रंगली तशी अक्काने या अंड्यालाही हळद लावली. मधलं बटण चिकटलं. स्पिरिटचा बोळा आणि टाचणी घेऊन ते मोकळं करायला मला अख्खी दुपार लागली. पुन्हा असलं काही करायचं नाही, मी तिला ठणकावलं.

"वरसाचा सण हाय बाई. सगळ्यास्नी लावली आनि त्येलाच न्हाई, तर त्येला काय वाटंल?"

रविवारी सकाळी इराचा व्हिडिओ कॉल येतो. अक्का त्या दिवशी इस्त्रीचं लुगडं नेसून, केस चोपून, माझ्याआधी फोनसमोर हजर. जित्राबाने काय खाल्लं, कधी झोपलं, कोणाला बघून बिचकलं, सगळं सविस्तर. मालकिणीला सांगायला नको का? माझ्या वाट्याला शेवटी "आजी, तू कशी आहेस?" एवढंच यायचं.

आणि मग ते आजारी पडलं.

त्याचं कारण अक्काशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून घडलंच नसतं. पडद्यावर लेंडी पडली की बादलीचं चित्र दाबून ती साफ करायची असते. इरा होती तोवर ती हे काम करायची. अक्काने ते बटण कधीच दाबलं नाही. मनीषाने दोनदा सांगून पाहिलं. अक्काचा आवाज चढला. "खत पुसून टाकायचं? आगं, मेंढरं आपल्या शेतात बसवा म्हणून बागायतदार आमच्या पालावर येऊन आर्जव करायचं. एका रातीच्या लेंड्यांवर पुढलं पीक उभं ऱ्हायचं. आनि तू म्हणतीस, बादली मार?" मनीषाने हात टेकले. लेंड्यांचे ढीग साचत गेले. अक्का त्यांच्याकडे समाधानाने बघत राहिली.

एक दिवस भर दुपारी ती आमच्या दारात उभी राहिली. पायात चप्पल नव्हती. तोंड उतरलेलं.

"बाई, इराचं जित्राब खाईना."

पडद्यावर प्राणी आडवा पडला होता. डोळे मिटलेले. त्याच्या डोक्यावर कवटीचं चित्र होतं आणि बाकी सगळीकडे ढीग.

"ही कवटी कशाची वं?"

मी तिला स्वयंपाकघरात घेऊन गेले. इराने ठेवलेला माहितीचा कागद शोधला, चष्मा लावला आणि ती मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं वाचायला घेतली. घाण साचली तर प्राणी आजारी पडतो. आधी जागा साफ करावी, मग औषध द्यावं. एका मात्रेने बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यावं. मी मराठीत सांगितलं. अक्का ओट्याला टेकून खालीच बसली.

"म्हंजी म्याच केलं."

"तुला माहीत नव्हतं."

"मेंढरं रातभर बसायची, सकाळी जागा सोडून म्होरं जायची," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "ह्येला म्होरं जायला जागाच न्हाई. माज्या ध्यानातच आलं न्हाई, बाई. मी हितं किती दिस झालं ऱ्हातीया, आनि माज्या ध्यानात आलं न्हाई."

मी बादलीवर बोट नेलं. "थांबा," ती म्हणाली. "कुठं जाईल त्ये समदं?"

"कुठे नाही. नाहीसं होईल."

"असं कसं नाहीसं हुईल?"

"अक्का!"

तिने डोळे मिटून घेतले. मी बटण दाबलं. पडदा स्वच्छ झाला. मग सुईचं चित्र दाबलं. प्राणी थरथरला. कवटी तशीच. पुन्हा सुई. एवढी धडपड, आणि कशासाठी? प्लास्टिकच्या अंड्यासाठी! पण शेजारी बसलेली बाई "बिरोबा, बिरोबा" करत होती आणि मला सारखी इरा दिसत होती, रविवारी फोनसमोर बसलेली.

कवटी गेली. प्राण्याने डोळे उघडले.

"उठलं!" मी ओरडले. तुमची आजी ओरडत नाही, तरी ओरडले.

"अजून न्हाई," अक्का म्हणाली. "आधी खाऊ दे. मग लेंडी टाकू दे. मग म्हणू."

तिने भात भरवला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात त्या अंड्याकडे बघत बसलो. चहा केला, तो गार झाला, पुन्हा केला. मग कोपऱ्यात एकच छोटा ढीग उमटला आणि अक्काने दोन्ही हात जोडले. "मोकळं झालं, बाई! वाचलं!" ती हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. आणि मग बिरोबाची माफी मागून तिने स्वतःच्या बोटाने बादली दाबली.

त्यानंतर एकदाही चूक झाली नाही. श्रावण सरता सरता पडद्यावर दुसरा एक प्राणी आला. कागद म्हणत होता, हे लग्नाचं स्थळ. अक्काने त्याला उभं-आडवं बघितलं, गोठा दाखवत नाहीत म्हणून कुरकुर केली आणि होकार दिला. मग अंडं आलं, अंड्यातून बाळ. आणि कागदात लिहिल्याप्रमाणे मोठा प्राणी हात हलवून पडद्यावरून निघून गेला. उरलं फक्त पिल्लू.

रविवारी अक्का फोनच्या बऱ्याच आधी आली. गळ्यातला दोरा काढला, अंडं ओल्या फडक्याने पुसलं, मग कोरड्या. फोनसमोर ठेवलं. इरा फोनवर दिसली तशी अक्का म्हणाली, "ह्ये घे पोरी तुजं कोकरू. पैलं मालकाचं, आसं ठरलंय. बाई कुणासंगं तरी लावून देतील. अर्धली फिटली."

इरा गोंधळली. मग तिचा चेहरा उजळला. "नाही अक्का! तू कुकीला वाचवलंस. हे पिल्लू तूच ठेव. मी तुला दिलं. कायमचं!"

मला नातीचा अभिमान वाटला. मी अक्काकडे वळले, तिचा आनंद बघायला. अक्का खाली मान घालून दोरा बोटाभोवती गुंडाळत होती.

"नगं, पोरी. दिऊ नगं."

"का? तुला आवडत नाही?"

"आवडतं की. पर दिलं म्हणलं का मिटलं. मेंढरं इकली तवा घेनारा म्हणला, आक्का, आता तुमी सुटला. त्येच्या अदुगर वाटंनं जाताना मानसं हाळी द्यायची. कुठं मुक्काम, किती कोकरं झाली, लंगडी मेंढी चालती का? आता कोन काय इचारनार मला? ह्ये तुजं हाय, म्हणून तू इचारतीस. माजं झालं तर कशापायी इचारशील?"

इराने कपाळाला आठी घातली. मला वाटलं, तिला ही भाषा कळली नसावी. मी समजावून सांगायला तोंड उघडलं.

"आजी, थांब," ती म्हणाली. मग ताठ बसून, अगदी मालकिणीसारखी, अक्काशी बोलली. "बरं. ते माझंच आहे. तू फक्त सांभाळ. अर्धलीनं. पुढचं पिल्लू तुझं, आणि तेही मला दाखवायचं."

"दावीन की."

"मग सांग, आज ते काय जेवलं?"

अक्काने दोरा गळ्यात घातला. खुर्ची पुढे ओढली. "आज व्हय?" ती म्हणाली. "आज लय तरास दिला बग त्येनं. सकाळी उठल्या उठल्या..."

मी दूध उतरवायला आत गेले. परत आले तरी अजून सकाळच चालू होती. माझ्याशी बोलायचं त्या दिवशी इराच्या लक्षातच राहिलं नाही, आणि मीही आठवण केली नाही.