पायऱ्या वाचल्या

तळ्याकाठच्या वीस घरांना एकाच दिवशी नोटिसा आल्या. पाण्याच्या काठापासून पन्नास फुटांच्या आत जे काही पक्कं बांधकाम असेल, ते पाडावं लागणार होतं. महिन्याभरात मोजणीदार येऊन टेप लावणार होता. निवृत्त पोस्टमास्तरांच्या मागल्या दारी पाण्यात उतरणाऱ्या चार पायऱ्या होत्या. त्या त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधल्या होत्या, बायकोच्या गुडघ्यांसाठी. रोज सकाळी ती तिसऱ्या पायरीवर बसून अर्धा तास पाय पाण्यात सोडायची, तेव्हा कुठं तिला दिवसभर चालता यायचं.

"अहो, कचेरीत जाऊन नीट विनंती करा," ती म्हणाली. "साहेबांनाही गुडघे असतीलच की."

मास्तर गेले. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "नियम काठापासून आहे, गुडघ्यांपासून नाही."

घरी येऊन मास्तरांनी नोटीस तीनदा वाचली. सरकारी भाषेत त्यांचा जन्म गेला होता. काठ म्हणजे मोजणीच्या दिवशी पाणी जिथं असेल तिथं, असं खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. म्हणजे पायऱ्या हलवायची गरजच नव्हती. पाणी हलवलं की झालं. ते तडक शेजारच्या शिंप्याकडे गेले.

"घरात पाणी शिरल्याची तक्रार गेली की तळ्याचे दरवाजे उघडतात," मास्तर म्हणाले. "आठवडाभर उघडतात, मग बंद. तेवढ्यात मोजणी उरकते."

"पण पाणी शिरलंय कुठं?"

"अर्जात शिरेल."

वीसही घरांनी सह्या केल्या. मास्तरांनी अर्ज असा काही रंगवला की वाचणाऱ्याचे पाय ओले व्हावेत. स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी, तरंगणारी भांडी, भेदरलेली मुलं. रस्त्यावरच्या एका दिव्यासाठी ते अकरा वर्षं अर्ज करत होते, त्याची कुणी पोचही दिली नव्हती. कचेरीनं वाचला तो नेमका हाच अर्ज. वाचला, वरच्या कचेरीला धाडला, आणि तिथून हुकूम सुटला: रहिवाशांच्या जिवाला धोका असल्यानं तळ्याची पातळी कायमची सहा फूट खाली ठेवावी.

तळं मुळात उथळ. पाणी दोनशे पावलं मागं सरलं. मागं राहिला चिखल, मेलेले मासे आणि शिंप्याची कधीकाळी हरवलेली सायकल. वास असा सुटला की शिंप्यानं मास्तरांशी बोलणंच टाकलं.

मास्तर पुन्हा कचेरीत. "साहेब, पाणी परत आणा."

साहेबांनी फाइल उघडली. "गुडघाभर पाणी, भेदरलेली मुलं. अक्षर तुमचंच ना?"

"माझंच."

"मग हे खोटं होतं म्हणता?"

मास्तर नमस्कार करून बाहेर पडले. खोटी माहिती दिल्याचं कलम त्यांना पाठ होतं.

ठरल्या दिवशी मोजणीदार आला. चिखलात बूट बुडवायची त्याची तयारी नव्हती. लांबूनच पाण्याकडे बघून त्यानं 'पायऱ्या नियमात बसतात' असं लिहिलं आणि शिक्का मारून कागद मास्तरांच्या हातात दिला.

बायको तिसऱ्या पायरीवर बसली होती. पाय अधांतरी होते, सुजून जड झाले होते. मास्तरांनी कागद पुढं केला. त्यांना तिच्या तोंडाकडे बघवेना, स्वतःच्या हुशारीची मनस्वी चीड आली होती. तिनं कागद वाचला आणि घडी घालून परत दिला.

"पायऱ्या राहिल्या, बरं झालं," ती म्हणाली. "आता एक बादली आणून द्या."

त्यांनी नळाखाली बादली भरून आणली. तीत दोन्ही पाय मावेनात.

"राहू द्या," ती म्हणाली. "एकेक बुडवते."