वाइनमधलं भांडण

सबनीसकाकांना रेड वाइनमध्ये घरगुती भांडणं कळायची. खोटं नाही सांगत! ग्लास हलवायचा, त्यात नाक खुपसायचं, एक घोट तोंडात घोळवायचा आणि जाहीर करायचं, "बाप-लेकाचं वाजलंय!"

हे बाप-लेक इटलीतले. घरीच द्राक्षं लावून घरीच वाइन करणारं कुटुंब. काका दर वर्षी त्यांचीच पेटी मागवायचे. सोबत घरातल्यांच्या फोटोचं पत्रक यायचं, ते फ्रिजवर लागायचं. "ही एक्क्याऐंशी सालची बघ, काय मऊ आहे! नवी सून आली होती ना. ब्याऐंशीची कडक. पोरगा मध्येमध्ये करतोय, म्हातारा ऐकेना."

मी अमेरिकेत ॲन आर्बरला शिकत होतो आणि दर शनिवारी संध्याकाळी काकांकडे चाखायला हजर. वाइनमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मी रत्नागिरीचा, लाल पेय म्हणजे कोकम सरबत. पण काकांच्या हातचं मटण कोण सोडणार? म्हणून लायब्ररीतल्या पुस्तकातून 'फ्रूटी', 'बोल्ड' असे शब्द पाठ केले होते. एकदा एका घोटाला मी ऐटीत 'बोल्ड' म्हणालो.

"गाढवा, ते पाणी आहे. ग्लास विसळायला दिलं होतं."

स्वतःच्या पोराबद्दल मात्र काका चकार शब्द काढत नसत. संजय इंजिनिअरिंग सोडून सिॲटलला सुतारकाम करायला गेला, तेव्हापासून तीन वर्षं बोलणं बंद. काकू आधीच वारलेल्या, त्यामुळे मध्ये पडायलाही कुणी नव्हतं.

त्या डिसेंबरात नवी पेटी आली. पत्रकावर म्हातारा एकटाच उभा. मला शहाणपणा सुचला. मी घोट घेऊन म्हणालो, "काका, बापाने पोराला हाकललं वाटतं!"

काका हसले नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हाकललं नसेल रे," ते म्हणाले. "रागात नुसतं 'जा' म्हणाला असेल. जातं तोंडातून."

मग उठून त्यांनी फोन लावला. पलीकडून मोठ्याने आवाज आला, "डॅड? इज एव्हरीथिंग ओके?"

मी निघायला उठलो, तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. मलाच रडू येईल असं वाटलं.

"काही नाही रे," ते कसेबसे म्हणाले. "ख्रिसमसला येतोस का? डायनिंग टेबल... डुगडुगतंय."

मी टेबल हलवून पाहिलं. जागचं हललं नाही.

पलीकडून हळू आवाजात, "विच लेग, बाबा?"

"चारही," काका म्हणाले.