काटेमास्तरांचा दयाळू काटा

काटेमास्तरांना स्वतःबद्दल दोन गोष्टींचा भारी अभिमान होता आणि त्या दोन्ही ते कुणी विचारायच्या आधीच ऐकवत. एक म्हणजे, अख्ख्या बाजारातले वजनकाटे त्यांच्या हाताखालून जात आणि त्यांनी दुरुस्त केलेला एकही काटा कधी खोटं बोलला नव्हता. दुसरं म्हणजे, लग्नात शिवलेल्या पँटा त्यांना अजून कमरेत जशाच्या तशा बसत.

"शरीर असं राखायला हवं!" असं म्हणून ते पोटावर थाप मारत. थापेचा आवाज जरा भरगच्च यायचा, पण ते असो. दुसऱ्यांचे काटे तपासता तपासता स्वतः काट्यावर चढायला मास्तरांना सवड झाली नव्हती.

त्यांची बायको घरीच कपडे शिवायची. हाताला विलक्षण सफाई, पण जीव कायम टांगणीला! गिऱ्हाइकाला यायला उशीर झाला की छातीत धडधड, आणि धडधड सुरू झाली की हात बिस्किटांच्या डब्यात. सकाळी काट्यावर चढायचं, तो पुढे सरकलेला पाहून घाबरायचं, आणि घाबरल्यावर पुन्हा डबा उघडायचा. हा चिंतेचा आजार आहे असं सांगून डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या होत्या. मास्तरांना बाजूला घेऊन त्यांनी बजावलं होतं, "घरातला काटा दुकानात नेऊन ठेवा. आणि संध्याकाळी तिच्याजवळ बसा. बोला. काय वाटतं ते ऐकून घ्या."

बसा, बोला, ऐकून घ्या! याला काय उपचार म्हणायचा? मास्तरांच्या हातात पेचकस असताना बोलायची गरजच काय? बायको अंघोळीला गेल्याबरोबर त्यांनी काटा उलटा केला आणि आतली स्प्रिंग किंचित आवळली. आता रिकामा काटा शून्यावरच दिसणार होता, पण माणूस चढला की आखडता हात घेणार होता. आयुष्यातला पहिला खोटा काटा! पण पुण्यकर्मासाठी.

"अहो! उतरलं!" बायको ओरडली. दिवसभर तिनं डब्याला हात लावला नाही. मास्तरांनी मनातल्या मनात डॉक्टरीणबाईंची पदवी काढून स्वतःच्या भिंतीवर टांगली.

संध्याकाळी बायकोनं ही आनंदाची बातमी थोरल्या बहिणीला फोनवर सांगितली. तिथेच घात झाला.

"काहीही न करता उतरलं?" थोरलीनं आवाज खाली आणला. "अगं, आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंचं असंच उतरायला लागलं होतं हो..."

"मग?"

"आता कशाला तो विषय! तू नीट खात जा म्हणजे झालं."

झालं! बायको खायला बसली. बिस्किटं, केळी, बटाटे, लोण्याचा थर दिलेला पाव. आता हात भीतीनंही चालत होता आणि कर्तव्यबुद्धीनंही. वजन वाढू लागलं. काटा पुढे सरकलेला पाहून मास्तर हादरले. वाढलेलं दिसलं तर ही पुन्हा घाबरेल! त्यांनी स्प्रिंग आणखी आवळली.

"एवढं खाऊनही उतरतंय!" बायको काट्यावरच मटकन बसली. "आणि कपडे बघा, कमरेला हूक लागत नाही. वजन कमी आणि कपडे घट्ट, म्हणजे ही सूज आहे. नक्की सूज!"

"अगं, काही नाही गं, हवामान..."

"हवामानानं हूक तुटतं का?"

खरं सांगून टाकावं, असं मास्तरांना वाटलं. पण सांगायचं तरी कसं? बाजारातल्या बड्या बड्या दुकानदारांना 'माझा काटा वाकत नाही' असं ठणकावून सांगणारा माणूस आपल्याच घरात काटा वाकवून बसला होता! दुकानात जाऊन त्यांनी खणातला बिस्किटांचा पुडा संपवला. तो त्या दिवसातला पहिला नव्हता.

घरी आले तर बायको सगळ्या गिऱ्हाइकांचे कपडे घाईघाईनं पुरे करत होती. "मागे कुणाचं काम अडायला नको," ती म्हणाली आणि मास्तरांच्या हातात सुई ठेवली. "दोरा ओवा. मी नसले तर निदान बटण तरी लावता यायला हवं तुम्हाला."

मास्तरांना दोरा दिसेना. डोळे भरले होते. बायकोला खरोखर मरायची भीती वाटत होती आणि ती भीती त्यांनी स्वतःच्या हातानं आवळली होती. कुणालाही वाटेल, हा माणूस आता तरी तोंड उघडेल. छे! सकाळी बायकोला दवाखान्यात न्यायचं ठरताच, तिथल्या काट्यावर सगळं उघडं पडेल एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. दवाखाना उघडताच ते हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाले. "वार्षिक तपासणी!" असं सांगून त्यांनी तोही काटा आवळला.

मग बायकोला घेऊन ते भोळ्या चेहऱ्यानं बाकावर येऊन बसले. त्यांच्या आधी ग्रंथपालाचा नंबर होता. हा सडपातळ, सज्जन माणूस. मास्तरांच्या बायकोला चिंता खायला लावायची, याच्या घशाखाली ती घास उतरू देत नव्हती. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून तो बिचारा कित्येक दिवस घड्याळ लावून जेवत होता.

"चढा! आज नक्की वाढलेलं असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काटा मागे आला होता.

ग्रंथपाल खाली बसून बूट घालू लागला. "म्हणजे खाऊनही उपयोग नाही," तो हळूच म्हणाला. "मग राहू द्या."

"काटा खोटा आहे!" मास्तर एवढ्या जोरात ओरडले की बाकावरची सगळी माणसं उभी राहिली. "तुमचं वजन वाढलंय हो! जेवत राहा! हा मी बिघडवलाय. घरचाही मीच बिघडवलाय!"

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणजे मला काही झालेलं नाही?"

"नाही गं! तू फक्त जाड झालीस!"

हे वाक्य ऐकून आनंदानं रडणारी बाई त्या दवाखान्यानं पहिल्यांदाच पाहिली असेल. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांकडून तिथल्या तिथे काटा दुरुस्त करून घेतला. ग्रंथपाल चढला. वाढलं होतं! तो लाजून हसला. बायको चढली. चांगलंच वाढलं होतं!

"आता तुम्ही," डॉक्टरीणबाई मास्तरांना म्हणाल्या.

मास्तर छाती काढून चढले. काटा धावत सुटला आणि भलत्याच आकड्यावर जाऊन थांबला.

"हा अजून बिघडलेलाच दिसतो!"

"आत्ताच तुम्ही दुरुस्त केलात."

"अशक्य! लग्नातल्या पँटा मला अजून जशाच्या तशा..."

"त्या मी सैल करत आलेय," बायको शांतपणे म्हणाली. "लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून. मागून जोड लावून, दर वेळी बोटभर. तुमच्या जिवाला घोर नको म्हणून. एकदम उसवल्या असत्या तर तुम्हाला कळलं नसतं का? तुम्ही मात्र चार दिवसांत काटा पार खाली आणलात! असली कामं अशी घाईनं करायची असतात का हो?"

मास्तरांनी कमरेपाशी चाचपून पाहिलं. शिवण इतकी सफाईदार होती की हाताला लागेना.

"एकूण किती बोटं झाली?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"संध्याकाळी जवळ बसा," बायको म्हणाली, "सांगते. फक्त ऐकून घ्या."