पुंजाजीभाऊ आणि सरकारी फुगा

वाचकांनी पाठ ताठ करून बसावे, कारण बातमी अत्यंत गंभीर आहे. संग्रामपूरच्या आभाळात, सातपुड्याच्या माथ्यावर, एक चकचकीत वस्तू येऊन थांबली होती. आणि नव्या महाराष्ट्राच्या नव्या सरकारने ती जनतेपासून लपवून ठेवली आहे! हे मी पदरचं सांगत नाही. आमच्या शेजारच्या मळ्याचे मालक पुंजाजीभाऊ सांगतात.

"सरकारले समदं मायत हाये, पण सांगून नाही राह्यलं," हे त्यांचं पालुपद. गावात सरकारी माणूस दिसला की भाऊ त्याला गाठत. देवी टोचणारा आला, तर भाऊंनी मुकाट्यानं टोचून घेतलं आणि बाही खाली करता करता विचारलं, "बरं, त्या आभायातल्या गोष्टीचं काय झालं?" गुरांचा डॉक्टर तर म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून उभा असताना सापडला. त्याला पळताही येईना.

"साहेब, तुमच्या खात्याले काई कयलं काय?"

"अहो, माझं खातं जनावरांचं!"

"मंग तेच त म्हणतो. आतमंदी कोन्तं जनावर होतं, ते सांगा!"

एकदा तालुक्याहून निरोप आला, की तो हवामान खात्याचा फुगा होता. भाऊ भडकले. जत्रेतून गॅसचा एक लाल फुगा विकत आणला आणि भर चौकात सोडून दिला. फुगा लिंबाच्या शेंड्यावरून निघून गेला.

"थांबला काय? थांबला काय बे?" भाऊ आम्हाला विचारत होते. "फुगा जाते. थे थांबलं होतं!"

आम्ही पोट धरून हसायचो. भाऊंना त्याचं काही नव्हतं. लागायचं ते गयाबाईंना, त्यांच्या बायकोला. ती वस्तू दिसल्याचं गावात आधी बोलल्या त्या. मग भाजीबाजारात बायका विचारू लागल्या, "काय वं गये, आज आभायातून कोन उतरलं?" गयाबाईंनी बाजारात बसणंच सोडलं. तेव्हा भाऊंनी जाहीर केलं, "म्याबी पाह्यलं. संगच होतो!" सरकारनं एकदा हो म्हटलं की गया पुन्हा टोपली घेऊन बाजारात बसेल, एवढंच त्यांना हवं होतं.

शेवटी एक नायब तहसीलदार दुसऱ्याच कामाला गावात आले, आणि भाऊंनी त्यांना हाताला धरून मळ्यात आणलं. फुकटचा तमाशा, म्हणून आम्ही शेजारीही मागोमाग गेलो. साहेब शेतकऱ्याच्या घरचे, शांत माणूस. गयाबाईंनी चहा दिला.

"त्या वेळी तुम्ही काय करत होता?" साहेबांनी विचारलं.

"मिरचीले पाणी देत होतो. गया धुऱ्याच्या बांधावर उभी होती."

"म्हणजे हातात फावडं, मान खाली. वर बघत बसलात, तर वाफा फुटला असेल?"

आमच्याकडे मळेवाल्याला चोर म्हणा, तो सोसेल. पण पाणी देताना त्याचा वाफा फुटला, असं कधी म्हणू नये. भाऊ ताडकन उठले.

"माहा वाफा? साहेब, एकबी वाफा फुटला नाही त्या दिवशी! पान्यावरून नजर हटली नाही माही!"

आणि तिथंच थांबले.

आम्ही हसायला तोंड उघडलं, ते तसंच मिटलं. भाऊ साहेबांकडे बघतच नव्हते. गयाबाईंकडे एकदा बघून त्यांनी मान खाली घातली होती.

"म्या नाही पाह्यलं, साहेब," ते हळूच म्हणाले. "पण गया खोटं बोलत नाही."

गयाबाई लगबगीनं पुढं झाल्या. साहेबांच्या कानाशी वाकल्या आणि साऱ्या मळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेल्या, "यायनं पाह्यलं नाही, हे मले पह्यल्यापासून मायत हाये, साहेब. पण यायले सांगू नका!"