केरबाचा क

एका जंगलात, मुलांनो, केरबा नावाचा वानर राहायचा. त्याचं काम एकच. जांभळीच्या शेंड्यावर बसायचं आणि गवतात वाघ दिसला की ओरडायचं, ‘‘क! क! क!’’

ते ऐकलं की हरणं पळायची, डुकरं पळायची, ससे बिळात शिरायचे. वाघ बिचारा तिथंच थांबायचा. आता काही खरं नाही, हे त्याला कळायचं. तो मागे वळायचा आणि ओढ्यावर जाऊन खेकडे खायचा. खेकड्यांनी त्याचं पोट भरत नसे, पण केरबापुढे त्याचा इलाज चालत नसे.

एके दिवशी जंगलात बगळे सर आले. ते मूळचे बगळेच होते. एका विश्रामगृहाच्या तळ्यावर काही वर्षं राहिल्यामुळे सर झाले होते. त्यांनी पाणवठ्यावर इंग्रजीचा क्लास काढला.

‘‘सगळं इंग्रजी मी शिकवत नाही,’’ सर म्हणाले. ‘‘मी फक्त के आणि एन या जोडीचा तज्ज्ञ आहे.’’

तज्ज्ञ म्हटल्यावर सगळं जंगल क्लासला लोटलं.

‘‘नाइफ म्हणजे सुरी,’’ सर म्हणाले. ‘‘नॉट म्हणजे गाठ. निट म्हणजे विणणं. नॉक म्हणजे दार ठोठावणं.’’

जंगलात कुणाकडे सुरी नव्हती, लोकर नव्हती आणि दार तर नव्हतंच. तरी सगळ्यांनी पाठ केलं.

‘‘नो म्हणजे ठाऊक असणं.’’

रंभाजी नावाचं रानडुक्कर उठलं. ‘‘सर, नो म्हणजे नाही ना?’’

‘‘ते बिनकेचं. हे केवालं.’’

‘‘पण ऐकायला तर दोन्ही सारखंच येतंय!’’

‘‘कारण या जोडीतला के लिहायचा असतो, बोलायचा नसतो. सुशिक्षित माणूस तो गिळतो. जो उच्चारतो, तो गावठी.’’

सर हे म्हणाले आणि नेमकं त्याच वेळी जांभळीवरून आवाज आला, ‘‘क! क! क!’’

सगळे पळाले. जीव वाचले. पण पळता पळता सगळ्यांना फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सारजा हरणी जांभळीखाली आली. तिची दोन्ही पाडसं केरबाच्या ओरडण्यावर मोठी झाली होती.

‘‘केरबाभाऊ, राग मानू नका,’’ ती म्हणाली. ‘‘पण तुमचं ते क-क आता कसंतरीच वाटतं हो. सरांसमोर मान खाली जाते.’’

त्या दिवशी केरबानं जांभळं तोडली आणि तशीच टाकून दिली.

‘‘अहो, काय झालं?’’ त्याची बायको तानूबाई म्हणाली.

‘‘मी गावठी आहे.’’

‘‘मग? मीपण आहे. माझ्या माहेरी सगळे क-च म्हणतात. अजून सगळे जिवंत आहेत.’’

पण केरबाचं मन लागेना. तो क्लासला गेला आणि मागे बसला.

‘‘सर, के गिळायचा तो पुढे एन असला तर ना? माझ्या क-पुढे एन कुठंय?’’

‘‘तुमच्या क-पुढे काहीच नाही,’’ सर म्हणाले. ‘‘म्हणजे तो आणखीनच गावठी.’’

‘‘पण वाघ आला तर?’’

‘‘मनातल्या मनात म्हणा. जाणकाराला कळतं.’’

केरबानं मान डोलावली. त्यालाही जाणकारांत बसायचं होतं.

मग एका दुपारी सरांनी नवा धडा घेतला. ‘‘नी म्हणजे गुडघा. नील म्हणजे गुडघे टेकणं. सगळ्यांनी करून दाखवा. डोळे मिटा, म्हणजे शब्द आत मुरतो.’’

सगळ्या जंगलानं गुडघे टेकले आणि डोळे मिटले.

जांभळीवरून केरबाला गवतात पिवळं काहीतरी हललेलं दिसलं. त्यानं मनातल्या मनात क म्हटलं. कुणी हललं नाही. त्यानं आणखी जोरात मनातल्या मनात म्हटलं.

वाघ सवयीनं थांबला. त्यानं वर पाहिलं. केरबाचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. वाघानं थोडी वाट पाहिली. मग त्यानं झेप घेतली.

सर उडाले. सरांना पंख होते, विद्यार्थ्यांना नव्हते.

वाघाच्या पंजात सारजेचा मागचा पाय सापडला. ती किंचाळली. दोन्ही पाडसं गुडघ्यांवरच थिजली होती.

ते पाहिलं आणि केरबाच्या घशातून फुटलंच, ‘‘क! क! क!’’

वाघाचा पंजा आपोआप सुटला. क ऐकला की शिकार संपली, हे त्याच्या हाडीमाशी खिळलं होतं. तो ओढ्याकडे निघाला. अर्ध्या वाटेत त्याला आपण काय केलं ते कळलं, पण तोवर पाणवठा रिकामा झाला होता.

संध्याकाळी सभा भरली. सर अध्यक्ष होते.

‘‘आज एक दुःखद घटना घडली,’’ सर म्हणाले. ‘‘भर वर्गात एका विद्यार्थ्यानं के उच्चारला. तोही तीनदा.’’

सगळ्यांनी केरबाकडे पाहिलं.

‘‘पण सर, मी ओरडलो नसतो तर सारजाबाई...’’

‘‘त्यांचा पाय वाचला असेल. वर्गाचा उच्चार गेला!’’

सारजा लंगडत उभी होती. तिनं तोंड उघडलं. शेजारच्या हरणी तिच्याकडे पाहत होत्या. तिनं तोंड मिटलं.

केरबाला क्लासमधून आणि जांभळीवरून, दोन्हीकडून काढलं. त्याच्या जागी घुबड नेमलं. ते दिवसभर झोपायचं. त्याच्या तोंडून कधी चुकीचा उच्चार गेला नाही.

केरबा आणि तानूबाई ओढ्यापलीकडच्या रानातल्या एका जांभळीवर गेले. चार दिवसांनी तिकडं सारजाही पाडसं घेऊन आली.

‘‘भाऊ, इथं राहू का?’’

केरबा रागावला होता. तो वळून बसला.

‘‘राहा गं,’’ तानूबाईच म्हणाली. ‘‘पण ह्यांचं ओरडणं ऐकावं लागेल.’’

‘‘ऐकेन,’’ सारजा म्हणाली आणि रडू लागली. मग केरबानं एक जांभूळ खाली टाकलं.

इकडे क्लास जोरात चालला. विद्यार्थी मात्र रोज कमी दिसू लागले. सर सांगायचे, ‘‘शिकून बाहेर पडले.’’ वार्षिक समारंभाला प्रमुख पाहुणे म्हणून वाघाला बोलावलं. तो आता चांगला गुटगुटीत झाला होता. भाषणात त्यानं क्लासचं तोंड भरून कौतुक केलं आणि एकही उच्चार चुकवला नाही. मग जेवण झालं.

तात्पर्य : मुलांनो, जिवाचं पुढे केव्हाही बघता येतं. पण चारचौघांत उच्चार चुकला, तर लोक तो जन्मभर लक्षात ठेवतात. अर्थात लोक उरले तर.