मास्तरांच्या कोटाचे भोक

शिंप्याच्या धाकट्या लेकीचे लग्न झाले, त्या वर्षीची गोष्ट. त्याच्या नातीने बदामाच्या झाडावरची एक हिरवी अळी आणून बुटांच्या खोक्यात पाळली. महिनाभर पाने खाऊन अळी अंगठ्याएवढी जाड झाली आणि मग कोश विणून आत बसली.

"कारागीर आहे हो," शिंपी कौतुकाने म्हणायचा. "सुई नाही, दोरा नाही, आणि माप कसं नेमकं!"

तीन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी, कोशातून तळहाताएवढा पतंग बाहेर आला. "आजोबा, पळत या!" नात ओरडली. शिंपी मास्तरांच्या लोकरी कोटाला इस्त्री करत होता, तो तसाच धावला. परत येऊन बघतो तर पाठीवर बटणाएवढे भोक! त्याने जळकी कड कातरीने हळूच साफ केली.

दुपारी मास्तर आले. "अहो, परवा निरोपाचा समारंभ माझा! हे काय?"

"नातीच्या पतंगानं खाल्लं," शिंपी बोलून गेला. "लोकर दिसली की सोडत नाहीत मेले."

"असू दे. किड्याला काय कळतंय," म्हणून मास्तर गेले. शिंप्याला मान वर करवेना.

आजीने मात्र ते ऐकले होते. तिने शेजारणीला सांगितले, शेजारणीने गल्लीला. दिवेलागणीपर्यंत पाच गिऱ्हाइके आपापले कपडे उचलून घेऊन गेली.

रविवारी सकाळी आजीने खोके उचलले. "धंदा बुडवला याने! आत्ताच्या आत्ता उकिरड्यावर." नात खोक्याला लोंबकळून रडू लागली. शिंपी गळ्यातली टेप नुसती गुंडाळत राहिला.

तेवढ्यात मास्तर भिंग घेऊन दारात. "म्हटलं, चोर बघावा तरी." त्यांनी पतंग हातावर घेऊन बराच वेळ न्याहाळला. "वहिनी, याला खायला तोंडच नाही. ही जात मोठी झाली की काही खात नाही. अळीपणी खाल्लेल्यावर आठवडाभर जगते."

"मग कोट कुणी खाल्ला?"

मास्तरांनी आणि आजीने शिंप्याकडे पाहिले. नातीने पाहिले नाही, तेच त्याला जास्त लागले.

"इस्त्रीनं," तो म्हणाला. "आणि जळकी कड मी कातरली."

"शोभतं का हो तुम्हाला!" आजी कडाडली. " किड्याच्या आड लपलात?"

त्या दिवशी शिंपी पाचही घरी गेला. नात पुढे. प्रत्येक दारात ती खोके उघडून गप्प उभी राहायची आणि शिंप्याला सगळे पहिल्यापासून सांगावे लागायचे. कपडे तिघांनीच परत दिले.

गुरुवारी दुपारी ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली. "आजोबा, गेला तो."

पतंग सहाव्या दिवशी, खिडकीत बसल्या बसल्या वारला.